नीसला ४ आणि ९ वर्षांची मुलं, सत्तरीचे आईवडील, सहा दिवस: बेत कसा आखावा?

जूनअखेरीस जाताय, आईंचे गुडघे दुखतात आणि सगळे शाकाहारी आहात, असं तुम्ही लिहिलंय. नीस हे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं शहर. आधी किनाऱ्याचं बघा, तिथला बाकी बेत त्यावरच ठरतो.

शहरासमोर पुळण नाही, गोटे आहेत. प्रोमनाद देझांग्ले या समुद्रकाठच्या रस्त्याच्या कठड्याखाली गुळगुळीत, करडे गोटे पसरलेत आणि पाण्यात थोडी पावलं टाकली की तळ एकदम खोल जातो. लाट परतताना पायाखालचे गोटे सरकतात, मोठी माणसंही तिथे आपटतात. नऊ वर्षांच्या मुलाला पोहता येत असेल तर रबरी तळाचे पाण्यातले बूट घालून, जीवरक्षक असलेल्या पट्ट्यातच उतरू द्या. चार वर्षांच्या मुलाला इथे पाण्यात नेऊ नका, हात धरूनसुद्धा नाही. लाल निशाण असेल तर कुणीच उतरायचं नाही.

म्हणून मुक्काम नीसमध्ये ठेवा आणि डुंबायला आगगाडीने जा. नीस-व्हिल स्टेशनवरून मोनाकोच्या दिशेची गाडी सात-आठ मिनिटांत व्हिलफ्रांशला पोचते. उजवीकडची खिडकी धरा, समुद्र त्या बाजूला आहे. स्टेशनच्या खालीच किनारा आहे. वाळू जाडसर, पण उपसागर आडोशाचा असल्यामुळे पाणी बरंच शांत. मात्र फलाटावरून पायऱ्या उतराव्या लागतात, त्यामुळे आईंना सोबत न्यायचं असेल त्या दिवशी उलट दिशेला आंतीबला जा. तिथला ग्राव्हेत किनारा जुन्या तटाला लागून आहे. वाळू बारीक, पाणी उथळ, चार वर्षांच्या मुलाला अगदी योग्य. स्टेशनवरून पंधरा-वीस मिनिटं सपाट चालणं आहे. दोन्हीकडे सकाळी नऊच्या आत पोचा. दहानंतर गाड्या खच्चून भरतात, आणि खिसेकापू त्याच गर्दीत असतात. पासपोर्ट खोलीवर ठेवून प्रत न्या.

जेलीफिश चावली तर गोडं पाणी ओतू नका आणि चोळू नका, त्याने कातडीला चिकटलेल्या डंखपेशी आणखी फुटतात. समुद्राच्याच पाण्याने धुवा, उरलेले तंतू जुन्या कार्डाच्या कडेने खरवडून काढा आणि जीवरक्षकाला दाखवा.

घर घेताना जुन्या नीसचा मोह टाळा. गल्ल्या सुंदर आहेत, पण बऱ्याच इमारतींना लिफ्ट नाही, जिने अरुंद, आणि रात्री उशिरापर्यंत गोंगाट. झां-मेदसँ रस्त्याच्या आसपास, ट्रामजवळ, लिफ्ट आणि एसी आहे हे लेखी विचारून घ्या. विमानतळावरून २ नंबरची ट्राम थेट शहरात येते. तिकीट चढल्यावर मशीनला लावावंच लागतं, नुसतं खिशात असून दंड टळत नाही.

किल्ल्याच्या टेकडीवर आजीआजोबांना जरूर न्या. बेलांदा बुरुजापाशी फुकट लिफ्ट आहे. वर किल्ला शोधू नका, चौदाव्या लुईने तो १७०६ मध्ये पाडून टाकला. धबधबा, सावली आणि खाली सगळा उपसागर दिसतो, तेवढ्यासाठी जायचं.

जेवणाची चिंता नीसमध्ये सगळ्यात कमी. सोक्का म्हणजे चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. तांब्याच्या मोठ्या परातीत, भट्टीत भाजलेलं आपलं धिरडंच. गरम असतानाच खायचं, वर मिरपूड घालून. गार झालं की चिवट होतं. पानिस म्हणजे चण्याच्या पिठाचं घट्ट पिठलं थापून, कापून तळलेलं. भोपळ्याच्या फुलांची भजीही मिळतात, फक्त पिठात अंडं आहे का ते विचारा. फसवतं ते पिसालादिएर: दिसायला कांद्याची पोळी, पण त्यात अँचोव्ही मासा असतो. पां बान्या (भरलेला पाव) आणि सालाद निस्वाज (नीसची कोशिंबीर) यांत मासा आणि अंडं दोन्ही. ‘सां व्यांद, सां प्वासों’ (मांस नको, मासे नकोत) हे दोन्ही शब्द म्हणा. नुसतं ‘व्यांद नको’ म्हटलं तर मासा येतो. ‘यून काराफ दो’ म्हटलं की नळाचं पिण्याचं पाणी फुकट मिळतं.

दुपारचं जेवण साधारण बारा ते दोन, रात्रीचं सातनंतर. मधल्या वेळात बरीच स्वयंपाकघरं बंद असतात आणि लहानग्याला भूक नेमकी पाचला लागते. सकाळी कूर सालेयाच्या बाजारातून फळं, पाव, टोमॅटो घेऊन ठेवा. सोमवारी तिथे भाजीऐवजी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, त्यामुळे ती खरेदी रविवारीच उरका.