मुंबईहून लांब पल्ल्याला जाणारे ट्रक ड्रायव्हर दिवसाला किती तास गाडी चालवतात? ते झोपतात कधी?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुमचा धाकटा भाऊ नुकताच ट्रेलरवर लागलाय, न्हावाशेवा बंदर ते इंदूर लाईनला, आणि घरी सगळे म्हणतात, "गाडी निम्मा वेळ उभीच असते, मग हा एवढा थकतो कशाने?" हे वाचलं आणि राहवलं नाही. मी सत्तावीस वर्षं गाडी चालवली, त्यातली अकरा याच लाईनला. हेच वाक्य मला माझ्या मेव्हण्याने २०१४ साली ऐकवलं होतं, कळंबोलीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात, चार पोरांसमोर.

आधी तुमच्या प्रश्नाचं. स्टेअरिंगवर दहा-बारा तास, घाईचा माल असला की चौदा. झोप तुकड्या-तुकड्यांत, सगळी मिळून चार-पाच तास झाली तर दिवस चांगला गेला म्हणायचं. कायदा आहे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ लिहिले होते, लांब पल्ल्याला परवानगी घेऊन १० आणि ५४. सलग ५ तास काम झालं की निदान अर्धा तास विश्रांती, आणि आजचं काम संपून उद्याचं सुरू होईपर्यंत सलग ९ तास मोकळे. नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा २०२० च्या श्रम संहितेने घेतलीय. पण तो जुना कायदा लागू होता पाच किंवा जास्त कामगार असतील तिथे, आणि आपल्या धंद्यात एक-दोन गाड्यांचे मालक पोत्याने सापडतील. नॅशनल परमिटच्या, म्हणजे देशभर चालायचा परवाना असलेल्या गाडीवर दोन ड्रायव्हर हवेत आणि दुसऱ्याला आडवं व्हायला मागे सीट हवी, असाही नियम होता. सीट पाहिली. दुसरा ड्रायव्हर माझ्या गाडीवर फार कमी वेळा चढला.

युरोपात साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबावंच लागतं, आणि गाडीतलं यंत्र त्याची नोंद ठेवतं. आपल्याकडे नोंद मालाची होते. मालासोबत ठेवायच्या ई-वे बिलाची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात. ड्रायव्हर शेवटचा कधी झोपला हे विचारणारा रकाना मी कुठल्याच कागदावर पाहिला नाही.

आता त्या उभ्या गाडीबद्दल, कारण सगळी गोम तिथे आहे.

२०१४ चा जुलै. इंदूरजवळच्या पिथमपूरच्या एका कारखान्यातून गिअरच्या सुट्या भागांचा कंटेनर भरून न्हावाशेव्याला आणायचा होता. बोटीचा कट-ऑफ, म्हणजे कंटेनर बंदरात पोचवायची शेवटची वेळ, बुधवारी सकाळी दहाचा. मी रविवारी रात्री भिवंडीहून रिकामी गाडी घेऊन निघालो, सोमवारी पहाटे शिरपूरजवळ दोन तास डोळा लागला, आणि संध्याकाळी पाचला कारखान्याच्या गेटवर पोचलो. टोकन नंबर एकतीस. बाहेर कंपाऊंडच्या भिंतीला लागून गाड्यांची रांग.

गाडी तिथे एकोणीस तास उभी होती, हे खरं आहे. आता त्या एकोणीस तासांत काय काय होतं ते ऐका. दर अर्ध्या-पाऊण तासाने रांग एक गाडी पुढे सरकते. तुम्ही झोपलात की मागचा हॉर्न वाजवतो, आणि तरी उठला नाहीत तर बाजूने काढून तुमच्या पुढे लावतो. गेटवरचा गार्ड नंबर माइकवर पुकारत नाही, तोंडाने ओरडतो, एकदाच. पावसाने काचा बंद, केबिनमध्ये घामाची आंघोळ, काच खाली केली की डास. रात्री डिझेलची टाकी आणि स्टेपनी राखायची, कारण त्या रांगेत आठ दिवसांपूर्वीच कुणाची तरी टाकी रिकामी झाली होती. संडास नाही. पहाटे चारला आत घेतलं तर वाटलं, आता डॉकला, म्हणजे माल भरायच्या फलाटाला लागेल आणि भरेपर्यंत झोपू. पण पेट्या मोजायला ड्रायव्हरनेच उभं राहायचं, कारण कमी भरल्या तर उद्या त्याच्याच पगारातून. मग वजनकाटा, मग सील, मग कागद, मग कागदावरची चूक, मग ती दुरुस्त करणारा साहेब अकराला येणार. गेटपासवर मंगळवारी दुपारी १२:२५ ची वेळ पडली.

पूर्वी क्लीनर असायचा. रांगेत गाडी पुढे घ्यायला, टाकीवर नजर ठेवायला, पेट्या मोजायला तो असायचा, म्हणून ड्रायव्हर दोन-तीन तास खरोखर झोपायचा. मग मालकांनी क्लीनर काढले. त्याचा पगार वाचला आणि त्याची कामं ड्रायव्हरच्या झोपेतून वजा झाली. हे कुणी हिशोबात धरत नाही.

तिथून निघालो. सेंधव्याचा घाट उजेडात झाला. धुळ्याला साडेसात-आठला जेवलो, भात खाल्ला, चूक केली. मालेगाव साडेनऊ. त्यानंतरचं सांगतो ते नीट वाचा, कारण झोप जांभई देऊन येते असं लोकांना वाटतं. घोटीच्या टोलवर रात्री दोनला मी पैसे पुढे केले आणि खिडकीतल्या पोराने विचारलं, "काका, बरं आहे ना?" मी हो म्हटलं. पुढे गेलो आणि लक्षात आलं की नाशिकचा उड्डाणपूल आपण कधी चढलो आणि कधी उतरलो ते आठवतच नाही. सगळं शहर ओलांडून आलो होतो, हात स्टेअरिंगवर होते, डोळे उघडे होते, आणि मधला तुकडा डोक्यात नव्हताच. सोमवार-मंगळवार मिळून माझी झोप दोन-अडीच तासांपेक्षा जास्त नव्हती. पुढे कसारा घाट. मालासकट तीसेक टनांची गाडी खालच्या गिअरमध्ये धरून उतरवायची असते, ब्रेक तापवायचे नसतात. तिथे एक डुलकी लागली तर पुढे जो कुणी असेल, मोटारसायकलवाला, एसटी, त्याच्यासाठी थांबायला जागा राहत नाही.

मी पुढच्या पंपावर गाडी घातली, पंपवाल्याला सांगितलं आणि आडवा झालो. साडेपाचला उठलो. घाट उजेडात उतरलो, भिवंडी बायपास, मुंब्र्याकडे वळलो तर सकाळच्या वेळेत जड गाड्या अडवून ठेवलेल्या. अकरानंतर सोडलं. न्हावाशेव्यात एकला पोचलो. कंटेनर पुढच्या बोटीवर गेला.

त्या फेऱ्याचा माझा भत्ता मालकाने कापला. त्याचं मला एवढं वाईट वाटलं नाही, त्याचंही नुकसान झालं होतं. पण ही नोकरी मला मेव्हण्याने लावून दिली होती, तो त्याच ऑफिसात मालाला गाड्या लावून द्यायचं काम करायचा. तो म्हणाला, "दाजी, गाडी एकोणीस तास उभी होती. तुम्ही झोपायचं सोडून करत काय होता? आणि वाटेत परत साडेतीन तास झोपलात." बायकोचा भाऊ, त्यात नोकरी त्याची. मी गप्प बसलो. आजवर तो लग्नकार्यात हा किस्सा सांगतो की दाजींनी एका झोपेत बोट सोडली.

बोट मी सोडली नाही. साडेतीन तास मी घेतले, एकोणीस कारखान्याने घेतले, आणि तीन मुंब्र्याच्या बंदीत गेले. कारखान्याने मला सहा तासांत भरून सोडलं असतं तर मी मंगळवारी दुपारी घोटीला पाच तास झोपून, घाट उजेडात उतरून, वर बंदीत अडकूनही बुधवारी पहाटेपर्यंत बंदरात असतो.  पण कारखान्याला कुणी विचारत नाही, कारण तो माल देणारा. बंदीला कुणी विचारत नाही, कारण ते शहर. राहतो ड्रायव्हर, आणि त्याच्याकडे कापण्यासारखी एकच गोष्ट असते, ती म्हणजे झोप. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की गाडी चालवायचे तास मोजून काही होणार नाही. गेटच्या आत-बाहेरचे तास मोजा आणि ज्याच्या दारात गाडी खोळंबली त्याच्याकडून पैसे घ्या. तासाला पैसे पडायला लागले की तो अकराला येणारा साहेब आठला येईल.

तुमच्या भावाला सांगायच्या गोष्टी. प्रत्येक गेटवर आत जाताना आणि बाहेर येताना गेटपासचा फोटो काढून त्याच वेळी मालकाला पाठवायचा. नंतर तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही. रांगेत आपल्याच ऑफिसची गाडी असेल तर जोडी लावायची, दोन तास तू झोप, दोन तास मी, चावी एकमेकांकडे. अनोळखी माणसाला चावी द्यायची नाही. रात्री दोन ते पाच गाडी बाजूला, काही झालं तरी. चहा पिऊन लगेच निघू नये, चहा पिऊन वीस मिनिटं पडावं आणि मग निघावं, तोवर चहा चढतो. रस्त्याच्या कडेला पार्किंग लाईट लावून झोपणं म्हणजे मागून येणाऱ्या झोपलेल्या माणसाची वाट बघणं, पंपावर किंवा राखणदार असलेल्या ढाब्यावरच थांबायचं.

आता एवढं बोललो तर उरलेलंही बोलतो. सगळे कारखाने तसे नाहीत. काही ठिकाणी ड्रायव्हरसाठी खोली, पंखा, आंघोळीची सोय आहे, आणि न्हावाशेव्यातही पार्किंग प्लाझा झाल्यापासून रस्त्यावरची रांग पूर्वीसारखी राहिली नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, चालवताना त्याने नक्की फरक पडतो. पण गाडी उभी असताना एसीला इंजिन चालू ठेवावं लागतं आणि डिझेलचा हिशोब मालक विचारतो, म्हणजे रांगेतल्या झोपेला त्याचा उपयोग नाही. ड्रायव्हरांची चूकही मी झाकणार नाही. तीन तास मोकळे मिळाले तर दोन तास मोबाईल बघणारे, जागं राहायची गोळी खाऊन सलग दिल्ली गाठणारे आणि त्याची फुशारकी मारणारे मी जवळून पाहिलेत. त्यातला एक माझ्यासोबत गाडी शिकला होता. तो आता नाही.

मेव्हण्याने निवृत्तीनंतर स्वतःची एक दहाचाकी घेतली आणि एका पोराला चालवायला दिली. गेल्या दिवाळीच्या आधी रात्री अकराला त्याचा मला फोन. गाडी भिवंडीत गोडाऊनसमोर उभी आहे, पोरगा फोन उचलत नाही, काय करू दाजी? मी म्हटलं, झोपला असेल, झोपू दे. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, बरं, सकाळी करतो.