पोकरच्या छोट्या स्टेक्सवर शैली बदलायची की रेजचा आकार?

तुमचा पोकरचा (टेक्सास होल्डम) प्रश्न थोडक्यात असा: छोट्या स्टेक्सवर, म्हणजे कमी पैशांच्या टेबलवर, टाइट (निवडक चांगल्याच पत्त्यांवर) खेळता, हे टेबलवर सगळ्यांना कळलंय, रेज केलं, म्हणजे बेट वाढवली, की समोरचे पत्ते टाकतात. मग मधूनमधून लूज, म्हणजे कमकुवत पत्त्यांवरही खेळून त्यांना गोंधळात टाकावं का?

आधी हे बघा की समोरच्यांनी पत्ते टाकणं हा तोटा नाही. बटनवरून (डीलरच्या जागेवरून) 2.5 बीबीचं रेज केलं (बीबी म्हणजे बिग ब्लाइंड, दोन सक्तीच्या बेटांतली मोठी; छोटी तिच्या निम्मी) आणि दोन्ही ब्लाइंडवाल्यांनी पत्ते टाकले, तर 1.5 बीबी न खेळता मिळाले. दोघंही पत्ते टाकतात असं 62.5 टक्क्यांहून जास्त वेळा होत असेल, तर हातात काहीही असलं तरी ते रेज जागच्या जागी फायद्याचं. अशा टेबलवर सरळ बटन आणि कटऑफवरून (बटनच्या आधीच्या जागेवरून) जास्त पत्त्यांवर रेज करा. एक्क्यांची जोडी आली नेमकी तेव्हाच सगळे पळाले, ही चुटपुट सोडून द्या. ती जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते, धोरण तिच्यावर ठरत नाही.

दुसरं, छोट्या स्टेक्सवर बहुतेक जण तुमच्याकडे बघतच नसतात. ते स्वतःचे दोन पत्ते बघून कॉल करतात, म्हणजे समोरच्याएवढेच पैसे घालतात. अशांना चकवण्यासाठी सत्ती-दुर्री खेळून दाखवणं म्हणजे जाहिरातीवर पैसे घालवायचे आणि गिऱ्हाइकाने पाटी वाचायचीच नाही. नऊ जणांच्या टेबलवर लक्ष ठेवणारे एक-दोघं असतात. तुम्ही पत्ते टाकल्यावरही जो डाव बघत राहतो, शोडाउनला (शेवटी पत्ते दाखवताना) मान पुढे करतो, तो त्यातला. बदल त्याच्यापुरता करा. ऑनलाइन, दर डावाला टेबल बदलतं अशा प्रकारात तर तोही विचार नको.

तुमचा खेळ ओळखू येतो तो बहुतेकदा शैलीमुळे नाही, आकारामुळे. चांगले पत्ते असले की 5 बीबी आणि साधे असले की 2.5, फ्लॉपवर (टेबलवर उघडलेले पहिले तीन पत्ते) टॉप पेअर (त्यातल्या सर्वांत मोठ्या पत्त्याची जोडी) असली की पॉटच्या (जमलेल्या पैशांच्या) तीन चतुर्थांश आणि ब्लफ असला की एक तृतीयांश. हे अर्ध्या झोपेतला माणूसही वाचतो. म्हणून प्रीफ्लॉपला (फ्लॉपच्या आधी) एकच आकार धरा: जिथे 3 बीबी चालतं तिथे 3, लाइव्ह टेबलवर 4 ते 5, आणि प्रत्येक लिंपरमागे (रेज न करता फक्त बिग ब्लाइंडएवढे पैसे घालणाऱ्यामागे) 1 बीबी जास्त. फ्लॉपला आकार बोर्ड (टेबलवरचे पत्ते) बघून ठरवा, हातातले पत्ते बघून नाही. तीन वेगळ्या सुटचे (चिन्हांचे) राजा-सत्ती-दुर्री आले, तर जे काही बेट कराल ते पॉटच्या एक तृतीयांशाने. असा ब्लफ 25 टक्के वेळा फोल्ड मिळाला (समोरच्याने पत्ते टाकले) तरी भरून निघतो. नव्वी-अठ्ठी-छक्की आणि त्यात दोन बदाम असतील, तर दमदार पत्ते आणि चांगले ड्रॉ (हवा तो पत्ता आला की मोठे होणारे हात) दोन तृतीयांशाने, बाकीचं चेक (बेट न करता पुढे जाणं). तिथे ब्लफला 40 टक्के फोल्ड लागतात, म्हणून रिकाम्या हाताने बेट नको. आणि चेक म्हणजे कमजोर असं ठरून जाऊ नये म्हणून हलक्या किकरची (जोडीबरोबरच्या दुसऱ्या पत्त्याची) टॉप पेअर अधूनमधून चेकमध्ये ठेवा.

यानंतर खरी जागा येते ती थ्री-बेटची, म्हणजे समोरच्याच्या रेजवर पुन्हा रेज करण्याची. टाइट खेळाडू फक्त एक्के, राजे, राण्या आणि एक्का-राजा यांवर थ्री-बेट करतो. चिन्हांनुसार जोडीचे प्रत्येकी 6 प्रकार, एक्का-राजाचे 16, मिळून 34. एकूण 1326 प्रकारांतले जेमतेम 2.6 टक्के. लक्ष ठेवणारा माणूस याला कॉल देईलच कशाला?

इथे समोरचा कोण आहे त्यावरून दोन वाटा. तो थ्री-बेटला बऱ्यापैकी फोल्ड करत असेल, तर सुटेड (एकाच चिन्हाची) एक्का-पंजी आणि एक्का-चौकी घाला. हे 8 प्रकार झाले, म्हणजे 42 पैकी 8 ब्लफ. एक्काच का? तो तुमच्या हातात असला की समोर एक्क्यांची जोडी असण्याचे प्रकार 6 वरून 3 वर येतात, एक्का-राजाचे 16 वरून 12 वर. शिवाय कॉल आलाच तर फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) किंवा स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते) लागू शकतं. मात्र तो कॉल सोडतच नसेल तर ब्लफ घालू नका, उलट व्हॅल्यू (चांगल्या पत्त्यांवरचं थ्री-बेट) रुंद करा: गुलाम, दश्श्या आणि एक्का-राणी धरले की 62 प्रकार होतात, सुमारे 4.7 टक्के. तुमचा अंदाज लागेनासा होतो आणि एकही वाईट पत्ता खेळावा लागत नाही. मला ही दुसरी वाट छोट्या स्टेक्सवर फार जास्त वेळा बरोबर वाटते.

ब्लफची मिसळण कधी करायची हे मनाने ठरवलं तर गडबड होते. माणूस हरल्यावर जास्त ब्लफ करतो आणि त्याला शैली बदलणं म्हणतो. पत्त्यांनाच ठरवू द्या. सुटेड एक्का-पंजी काळी असेल तर थ्री-बेट, लाल असेल तर नाही. निम्म्याचं प्रमाण आपोआप सांभाळलं जातं. ही युक्ती फक्त दोन्ही निर्णय जवळपास सारख्या किमतीचे असतील तिथेच. एक्के लिंप करणं त्यात बसत नाही. कुठल्याही पत्त्यांच्या एका खेळाडूसमोर एक्के सुमारे 85 टक्के जिंकतात, चौघांसमोर 56 च्या आसपास, आणि फ्लॉपनंतर कोणाकडे काय आहे याचा पत्ता नसतो.

दबा धरून खेळायला एक चांगली जागा आहे. बोर्ड राजा-सत्ती-दुर्री, तुमच्याकडे राजांची जोडी, समोर आक्रमक खेळाडू. गठ्ठ्यात एकच राजा उरलाय, म्हणजे कॉल द्यायला त्याच्याकडे फारसं काही नसणार. चेक करा, त्याला ब्लफ करू द्या. असाच सेट (हातातली जोडी आणि बोर्डवरचा तिसरा तसाच पत्ता) नव्वी-अठ्ठी-छक्कीवर असेल तर लगेच पैसे घाला. फ्लश ड्रॉ एकटाच रिव्हरपर्यंत (बोर्डवरच्या पाचव्या, शेवटच्या पत्त्यापर्यंत) 35 टक्के वेळा लागतो, स्ट्रेटचे ड्रॉ वेगळेच.

रिव्हरला पॉटएवढं बेट करताना पुस्तकी प्रमाण दोन व्हॅल्यूमागे एक ब्लफ, अर्ध्या पॉटला तीनमागे एक. छोट्या स्टेक्सवर लोक कॉल जास्त देतात, त्यामुळे प्रत्यक्षात याहून कमीच ब्लफ ठेवा.

गियर बदलायचा तो तुमच्याबद्दल काय समज झालाय त्यावर. ब्लफ नुकताच पकडला गेला असेल तर पुढे काही वेळ ब्लफ बंद, आणि एरवी चेक केली असती अशी मध्यम टॉप पेअरही तीन स्ट्रीट (फ्लॉपपासूनच्या तिन्ही फेऱ्या) बेट करा. तासभर एकही डाव खेळला नसाल तर कटऑफवरून ब्लाइंडचे पैसे चोरायची वेळ. पण बिग ब्लाइंडवर आत्ताच येऊन बसलेल्या माणसाने तो तास पाहिलेला नाही. तो तिथे असेल तर नेहमीचेच पत्ते खेळा.