आठ महिने झाले, तरी इथलं काहीच आपलं वाटत नाही

प्रश्न: ताई, मास्टर्ससाठी परदेशात येऊन आठ महिने झाले. पहिले दोन महिने भारी गेले, आता मात्र ग्रुपमध्ये सगळे हसतात आणि मला जोक कळेपर्यंत विषय बदललेला असतो, मग मी नुसतंच हसल्यासारखं करते. रात्री घरी व्हिडिओ कॉल केला की तेवढंच बरं वाटतं. माझंच काही चुकतंय का?

उत्तर: अगं नाही, तुझं काहीच चुकत नाहीये. १९५५ मध्ये लिसगार्ड नावाच्या समाजशास्त्रज्ञाने फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या लोकांचा अभ्यास केला, तर सहा महिन्यांपेक्षा कमी किंवा दीड वर्षापेक्षा जास्त राहिलेले बरे रुळलेले आणि मधलेच जास्त अडखळलेले दिसले. सगळ्यांचं अगदी असंच होतं असं नाही, त्यामुळे कॅलेंडर बघत बसू नकोस, पण तू नेमकी त्या मधल्या टप्प्यात आहेस.

आणि घरचा कॉल बंद करू नकोस, प्लीज. आपलं सोडलं की तिकडचं जमतं हा सल्ला मला अजिबात पटत नाही, मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनीही दोन्हीकडची नाती जपणारे सहसा जास्त बरे राहतात असंच मांडलंय. फक्त अख्ख्या ग्रुपच्या मागे लागू नकोस, क्लासमध्ये शेजारी बसणारी एकच जण पकड आणि जोक कळला नाही की खोटं हसण्यापेक्षा तिला हळूच विचार, यात हसण्यासारखं काय होतं? बहुतेक जण आवडीने समजावून सांगतात, आणि खरी ओळख तिथेच सुरू होते बघ. झोप किंवा भूक दोन-दोन आठवडे उडाली तर मात्र थांबू नकोस, सरळ युनिव्हर्सिटीच्या काउन्सेलरची अपॉइंटमेंट घे.