पडणारे बटण आणि घरची कार्यशाळा : वाचकांचे प्रश्न

घरच्या गॅरेजमध्ये, गच्चीवरच्या शेडमध्ये किंवा बाल्कनीच्या कोपऱ्यात यंत्रे मांडून काम करणाऱ्या वाचकांच्या पत्रांत एक तक्रार वारंवार येते : यंत्र चालू केले की बोर्डावरचे सुरक्षेचे बटण (एमसीबी किंवा आरसीसीबी) पडते, म्हणजे पुरवठा आपोआप तुटतो, ते पडू नये म्हणून काय करावे? बटण का पडते हे न शोधता ते पडणारच नाही अशी व्यवस्था करून देणारे पुष्कळ जण भेटतात, आणि या सदराला खरी काळजी त्याच व्यवस्थेची वाटते. म्हणून या वेळी त्या प्रश्नांना अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : सुतारकामासाठी २ एचपी सिंगल फेज मोटरची टेबल सॉ घेतली आहे. चालू करताक्षणी कधीकधी १६ अ‍ॅम्पिअरचा एमसीबी पडतो. एकदा चालू झाली की मग कितीही वेळ चालते. वायरमन म्हणतात, ३२ चा एमसीबी टाकला की त्रास संपेल. टाकावा का? — एक वाचक, चिंचवड

उत्तर : टाकू नये. एमसीबी यंत्राच्या किंवा माणसाच्या रक्षणासाठी नसतो, तो भिंतीतल्या वायरच्या रक्षणासाठी असतो, आणि म्हणून त्याचा आकडा यंत्र पाहून नव्हे, तर वायर पाहून ठरतो. १६ अ‍ॅम्पिअरच्या सॉकेटपर्यंत साधारणपणे अडीच स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर आलेली असते आणि पाइपमधून गेलेल्या अशा वायरवर २० अ‍ॅम्पिअरच्या आसपासचाच भार कायम ठेवणे योग्य असते. ३२ चा एमसीबी सुमारे ३६ अ‍ॅम्पिअरपर्यंतचा प्रवाह तासभर मुकाट्याने वाहू देतो, कारण तो तसाच बनवलेला असतो. तेवढ्या वेळात सॉकेटची पकड, जोडणीचे स्क्रू आणि वायरवरचे आवरण तापत राहते, आणि हे सारे भिंतीच्या आत घडत असल्याने वास येईपर्यंत कोणाला कळत नाही.

आपल्या पत्रातच उत्तराचा धागा आहे. बटण चालू करताक्षणी पडते, पण नंतर पडत नाही, याचा अर्थ भार जास्त नाही, सुरुवातीचा झटका जास्त आहे. २ एचपीची मोटर पूर्ण भारावर १० अ‍ॅम्पिअरच्या आसपास घेते, पण गती पकडेपर्यंत त्याच्या पाच-सहा पट, म्हणजे ५० ते ६० अ‍ॅम्पिअर ओढते. एमसीबीच्या पुढच्या बाजूला आकड्याआधी असलेले अक्षर वाचावे. ‘बी’ असेल तर तो आकड्याच्या तीन ते पाच पटींच्या दरम्यान, म्हणजे ४८ ते ८० अ‍ॅम्पिअरला क्षणात पडतो. ‘सी’ असेल तर पाच ते दहा पटींना, म्हणजे ८० ते १६० ला. घरगुती बोर्डात ‘बी’ प्रकारचा एमसीबी असेल, तर मोटरला तो पुरत नाही. तेव्हा १६ च्या जागी १६ चाच, पण ‘सी’ प्रकारचा एमसीबी बसवावा, आणि शक्य असल्यास सॉसाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन ओढून घ्यावी. ‘सी’ बसवूनही बटण पडत राहिले, तर मोटरचा स्टार्टिंग कपॅसिटर कमजोर झालेला असणे, पट्टा फाजील ताणलेला असणे किंवा बेअरिंग जड फिरत असणे ही कारणे आधी पाहावीत.

प्रश्न : रो हाउसच्या मागच्या शेडमध्ये ग्राइंडर, ड्रिल आणि छोटे वेल्डिंग मशिन वापरतो. पावसाळा सुरू झाला की आरसीसीबी दिवसातून अनेकदा पडतो. एका ओळखीच्या कारागिराने तो काढून थेट जोडणी करण्याचा किंवा १०० मिलिअ‍ॅम्पिअरचा बसवण्याचा सल्ला दिला आहे. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही सल्ले आपल्या जिवावर बेतणारे आहेत. आरसीसीबी (जुन्या बोलण्यात ईएलसीबी) फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची सतत तुलना करतो. दोहोंत फरक पडला, म्हणजे काही प्रवाह यंत्राच्या लोखंडातून, ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीकडे चालला आहे, असा त्याचा अर्थ होतो. ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी तेवढ्या फरकाला जास्तीत जास्त ०.३ सेकंदात आणि त्याच्या पाचपट फरकाला ०.०४ सेकंदात पुरवठा तोडतो. सुमारे १० मिलिअ‍ॅम्पिअरच्या पुढे हाताचे स्नायू आखडून धरलेली वस्तू सोडता येत नाही, म्हणून पुरवठा इतक्या लवकर आपोआप तुटणे गरजेचे असते. १०० आणि ३०० मिलिअ‍ॅम्पिअरचे आरसीसीबी गळतीमुळे लागणारी आग टाळण्यासाठी असतात. माणसाला वाचवण्याची अपेक्षा त्यांच्याकडून करता येत नाही.

पावसाळ्यातच पडतो, याचा अर्थ कुठेतरी ओल वायरपर्यंत पोहोचली आहे. शोध असा घ्यावा : शेडमधली सर्व यंत्रे सॉकेटमधून काढून ठेवावीत, नुसती बटणे बंद करून भागणार नाही. तरीही आरसीसीबी पडला तर दोष वायरिंगमध्ये आहे. शेडच्या बाहेरचा बोर्ड, उघड्यावरचा दिवा आणि पाइपमध्ये साचलेले पाणी ही पहिली तपासण्याची ठिकाणे होत. पडला नाही, तर एकेक यंत्र लावत जावे. जुन्या ग्राइंडरमध्ये लोखंडाचा बारीक कीस आणि कार्बन ब्रशची भुकटी साचते, हवा दमट झाली की त्यावरून प्रवाह बॉडीत उतरू लागतो. असा ग्राइंडर उघडून साफ करून, ५०० व्होल्टच्या मेगरने (आवरणाचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) तपासून घेतल्याखेरीज पुन्हा हातात घेऊ नये.

आणखी एक कारण आपल्याकडे फार आढळते आणि ते ओलीशी संबंधित नसते. घरात इन्व्हर्टर बसवताना त्याचा न्यूट्रल दुसऱ्याच लाइनच्या न्यूट्रलला जोडून दिलेला असतो. मग एका आरसीसीबीतून गेलेला प्रवाह त्याच आरसीसीबीतून परत येत नाही आणि गळती नसतानाही बटण पडते. इन्व्हर्टरच्या लाइनवरचा दिवा लावताच आरसीसीबी पडत असेल, तर वायरमनला प्रथम न्यूट्रल तपासायला सांगावे.

आरसीसीबीवरचे ‘टी’ अक्षराचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. ते दाबून आरसीसीबी पडला नाही, तर तो त्याच दिवशी बदलावा. मात्र या बटणाने केवळ आरसीसीबीची यंत्रणा तपासली जाते. अर्थिंग चांगले आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्यात वायरिंग दोन तारांचे आहे, अर्थिंगची तार नाही. थ्रीडी प्रिंटरच्या लोखंडी चौकटीला हात लागला की मुंग्या येतात. तिसऱ्या पिनला न्यूट्रल जोडले तर चालेल असे सांगण्यात आले. नळाच्या पाइपला जोडावे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : ही दोन्ही कामे करू नयेत, आणि कोणी आधीच केली असतील तर ती आजच काढून टाकावीत. न्यूट्रल तिसऱ्या पिनला जोडले की सारे ठीक चालल्यासारखे दिसते, ते न्यूट्रल शाबूत असेपर्यंतच. जुन्या बोर्डात न्यूट्रलचा एखादा स्क्रू सैल झाला, तर फेजचा प्रवाह यंत्रातून न्यूट्रलपर्यंत येतो, पुढे जायला वाट मिळत नाही, आणि त्या जोडणीतून यंत्राच्या चौकटीवर २३० व्होल्ट उभे राहतात. यंत्र बंद पडलेले असल्यामुळे ‘वीज गेली’ असे समजून आपण नेमका त्याच चौकटीला हात घालतो. जुन्या घरांत फेज आणि न्यूट्रल उलटे असणे हेही नवीन नाही. तसे असेल तर चौकट पहिल्या क्षणापासूनच जिवंत असते. नळाच्या पाइपचे म्हणाल, तर मध्ये एखादा प्लॅस्टिकचा तुकडा बसवलेला असला की तो पाइप जमिनीपर्यंत पोहोचतच नाही, आणि दोष निर्माण झाल्यावर शॉक शेजाऱ्यांच्या मोरीत बसतो.

मुंग्या येण्याचे कारण बहुधा प्रिंटरच्या एसएमपीएसमध्ये (घरची वीज कमी व्होल्टच्या डीसीत बदलणाऱ्या भागात) आहे. त्यात विद्युत गोंगाट गाळण्यासाठी फेज व न्यूट्रलपासून बॉडीकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर तो सूक्ष्म प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर चौकट पुरवठ्याच्या सुमारे निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहते. हा प्रवाह स्वतःहून घातक नसतो, परंतु उद्या एसएमपीएसमध्ये खरा दोष उत्पन्न झाला, तर त्याला वाट देणारे काहीही नाही, हे या मुंग्यांवरून सिद्ध होते.

उपाय म्हणजे परवानाधारक ठेकेदाराकडून मीटरच्या जागेपासून अर्थिंगची स्वतंत्र हिरवी तार आणून घेणे. मीटरपाशीही अर्थिंग नसेल, तर अंगणात अडीच मीटरच्या आसपास खोल पाइपचे अर्थिंग करावे लागेल. मात्र नुसता खड्डा केला म्हणजे काम झाले, असे समजू नये. समजा उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या खड्ड्याचा रोध २० ओहम आहे. फेज चौकटीला टेकली तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अ‍ॅम्पिअर वाहतील. १६ चा एमसीबी त्याची दखलही घेणार नाही आणि चौकट जिवंतच राहील. तोच खड्डा ३० मिलिअ‍ॅम्पिअरच्या आरसीसीबीला मात्र भरपूर पुरतो. म्हणून दोन्ही एकत्र हवेत.

अर्थिंग होईपर्यंत निदान आरसीसीबी तरी ताबडतोब बसवावा. त्याला काम करण्यासाठी अर्थिंगची तार लागत नाही. फरक एवढाच की अर्थिंग असेल तर दोष होताच तो पडतो आणि नसेल तर कोणाच्या तरी अंगातून प्रवाह गेल्यावर पडतो. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरले गेले, तर जाणारा व येणारा प्रवाह सारखाच राहत असल्याने आरसीसीबी काहीही करू शकत नाही, हेही ध्यानात असावे. हातातली यंत्रे घेताना माहितीच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण असलेली, म्हणजे दुहेरी आवरणाची घ्यावीत. त्यांना अर्थिंग लागत नाही आणि त्यांचा प्लग दोन पिनांचा असणे बरोबरच असते.

प्रश्न : आमच्याकडे वीज जाते-येते. रंधा यंत्र चालू असताना वीज गेली आणि मी पात्यात अडकलेला ढलपा काढत असतानाच ती परत आली. बटण बंद करायचे राहून गेले होते. सुदैवाने हात बाहेर होता. यावर काही साधन आहे का? — एक वाचक, सिन्नर

उत्तर : आहे, आणि ते आपल्या तालुक्यातल्या कोणत्याही पंपाच्या दुकानात मिळते. विहिरीवरच्या मोटरला असतो तसा हिरव्या-लाल बटणांचा डीओएल स्टार्टर घ्यावा. त्यातली कॉइल वीज असेपर्यंतच संपर्क ओढून धरते. वीज गेली की संपर्क सुटतो आणि परत आल्यावर हिरवे बटण दाबल्याशिवाय यंत्र चालू होत नाही. त्यातला ओव्हरलोड रिले मोटर जळण्यापासूनही वाचवतो. खरेदी करताना सिंगल फेजचा, २३० व्होल्टच्या कॉइलचा स्टार्टर मागावा, कारण थ्री फेज पंपांच्या स्टार्टरची कॉइल सामान्यतः ४१५ व्होल्टची असते आणि ती २३० वर नीट ओढणार नाही. रिले मोटरच्या पट्टीवर लिहिलेल्या अ‍ॅम्पिअरवर लावून घ्यावा. शेतावर रात्रीची वीज आल्यावर पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून जो ऑटो स्विच बसवतात, तो पात्याच्या यंत्राला कदापि लावू नये.

स्टार्टर बसवल्यानंतरही पात्याजवळ हात नेण्यापूर्वी प्लग सॉकेटमधून काढून तो डोळ्यांसमोर ठेवावा.

प्रश्न : मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर वापरून लाकडावर विजेच्या फांद्यांसारखी नक्षी जाळतात, तसे घरी करायचे आहे. रबरी हातमोजे आणि आरसीसीबी पुरे आहेत का? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : हे करू नये. त्या ट्रान्सफॉर्मरमधून सुमारे २००० व्होल्ट निघतात आणि त्यामागे हृदय थांबवण्याइतका प्रवाह सहज असतो. आउटपुटची गुंडाळी इनपुटपासून अलग असल्यामुळे तिकडे माणूस चिकटला तरी आरसीसीबीच्या बाजूला फेज आणि न्यूट्रल समानच दिसतात; तो पडत नाही. बाजारातले साधे रबरी हातमोजे या व्होल्टेजसाठी बनवलेले नसतात, आणि लाकूड मिठाच्या किंवा सोड्याच्या पाण्याने भिजवलेले असल्याने टेबलही ओले असते. या पद्धतीने अनेक कुशल कारागीर दगावल्यामुळे अमेरिकेतील ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स’ या संघटनेने आपल्या कार्यक्रमांत तिच्या प्रात्यक्षिकांवर बंदी घातली आहे. नक्षीची हौस असेल तर कमी व्होल्टेजवर तापणाऱ्या टोकाचा पायरोग्राफी पेन घ्यावा; त्याने हात भाजेल, जीव जाणार नाही.

प्रश्न : लेथवर नवे स्वस्त एलईडी दिवे लावल्यापासून फिरणारा चक (काम पकडणारा जबड्यांचा भाग) कधीकधी थांबल्यासारखा किंवा हळू उलटा फिरल्यासारखा दिसतो. डोळ्यांचा दोष असेल का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : डोळे ठीक आहेत, दिवा बदलावा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने स्वस्त एलईडी दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. चक मिनिटाला १५०० फेऱ्या घेत असेल, तर दोन लुकलुकींमध्ये तो बरोबर पाव फेरी फिरतो, आणि चार जबड्यांचा चक पाव फेरीनंतर पुन्हा तसाच दिसतो. वेग थोडा कमी असला तर तो हळू उलटा फिरताना दिसतो. मोबाइलच्या स्लो मोशन चित्रणात दिव्याची लुकलुक स्पष्ट दिसेल. लेथवर चांगल्या एसएमपीएसवर चालणारी १२ व्होल्ट डीसीची एलईडी पट्टी लावावी, आणि ती लागेपर्यंत चक थांबला आहे की नाही हे नजरेवर न ठरवता मोटरचे बटण बंद करून, आवाज पूर्ण थांबल्यावरच पाना हातात घ्यावा.