सूत्रांची बातमी हाती घेताना

सप्रेम आशीर्वाद.

क्राइम बीट मिळाल्यापासून आयबी, म्हणजे इंटेलिजन्स ब्युरो या देशांतर्गत गुप्तचर यंत्रणेतील एका अधिकाऱ्याशी परिचय वाढला असून तो अधूनमधून फोन करून बातम्या देतो, असे तू कळवले आहेस. परिचय अवश्य ठेव. मात्र तो कोणत्या यंत्रणेशी आहे हे नीट समजून घे. १८८७ साली सुरू झालेली ही यंत्रणा केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत चालते आणि तिचे वरिष्ठ अधिकारी बहुतांशी भारतीय पोलीस सेवेतून येतात. परंतु तिला स्वतंत्र कायद्याचे अधिष्ठान नाही, अटकेचा अधिकार नाही, आणि माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ नुसार, भ्रष्टाचार व मानवी हक्कभंगाच्या आरोपांचा अपवाद सोडल्यास, तिच्याकडून कागदही मागता येत नाही. पोलीस ठाण्यातील निरीक्षकाने खोटे सांगितले, तर एफआयआर, पंचनामा किंवा उलटतपासणीत ते उघडे पडू शकते. आयबीचे टिपण मात्र सहसा न्यायालयापुढे येतच नाही, म्हणून त्याची जी काही पडताळणी व्हायची ती अनेकदा तुझ्याच टेबलावर व्हायची असते.

१९९४ चे इस्रो हेरगिरी प्रकरण तू मुळापासून वाचावेस असे मला वाटते. ऑक्टोबरमध्ये तिरुवनंतपुरममध्ये मालदीवच्या एका महिलेला अटक झाली, ३० नोव्हेंबरला शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना केरळ पोलिसांनी पकडले, आयबीच्या अधिकाऱ्यांनी त्यांची चौकशी केली, आणि या काळात अनेक मल्याळम वृत्तपत्रे ‘सूत्रां’च्या आधारे रोज नवी सुरस कथा छापत राहिली. क्रायोजेनिक, म्हणजे अतिशीत द्रव इंधनावर चालणाऱ्या रॉकेट इंजिनाची गुपिते विकल्याचा आरोप होता. ते तंत्रज्ञान देण्याचा रशियाशी झालेला करार अमेरिकेच्या दबावामुळे १९९३ मध्येच बारगळला होता आणि भारतीय क्रायोजेनिक इंजिनासह जीएसएलव्ही या प्रक्षेपकाचे पहिले यशस्वी उड्डाण व्हायला जानेवारी २०१४ उजाडले. मग विकले काय, हा प्रश्न विज्ञानाची जुजबी माहिती असलेल्या कोणत्याही उपसंपादकाला सुचायला हवा होता. १९९६ मध्ये सीबीआयने आरोप निराधार ठरवले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटक अनावश्यक असल्याचे सांगून ५० लाख रुपयांची भरपाई दिली. त्या कथा लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी पुढे तितक्याच मोठ्या मथळ्याने खुलासा छापला, हे विचारण्यात अर्थ नाही.

याच मार्गाने पत्रकारही भरडला जातो. जून २००२ मध्ये दिल्लीत इफ्तिखार गिलानी यांना शासकीय गुपिते कायद्याखाली अटक झाली. त्यांच्या संगणकावरील ज्या मजकुरावरून हे घडले तो पाकिस्तानातील एका संस्थेने उघडपणे प्रसिद्ध केलेला होता. तरीही काही सहव्यवसायींनी पोलिसांचे म्हणणे जसेच्या तसे छापले. जानेवारी २००३ मध्ये सरकारने खटला मागे घेतला.

तेव्हा तुझा अधिकारी एखादे नाव सांगेल, तेव्हा ते आजच आणि तुलाच का सांगितले जात आहे, हे आधी स्वतःला विचार. त्याच्याशी संबंध नसलेल्या ठिकाणाहून दुजोरा मिळव. आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याची किंवा त्याच्या वकिलाची बाजू त्याच बातमीत घे. एवढे जमले नाही तर बातमी थांबव, दुसऱ्या वाहिनीने आधी चालवली तरी चालेल.

आणखी एक गोष्ट, जी संपादक सहसा सांगत नाहीत. काही महिन्यांनी तोच अधिकारी तुला विचारेल की अमुक मोर्च्याच्या बैठकीला कोण कोण होते. त्याला तुझी छापून आलेली बातमी वाचायला सांग आणि त्या दिवशीचा प्रकार संपादकांना लेखी कळव.

तुझा,
एक जुना बातमीदार