कॅनडातल्या फोनवर किती भरवसा ठेवायचा?

तुम्ही विचारलंय की मुलीला घेऊन टोरोंटोला जायचं चाललंय, आई-बाबा दोघंच मागे राहणार, तर तिथल्या फोनवर विसंबता येईल का. प्लॅन आणि रेंजचे नकाशे कंपन्यांच्या साइटवर आहेत, ते सोडून देतो.

एरवी फोन उत्तम चालतो. बघायचं ते हे, की बंद पडला तर त्याच्याबरोबर आणखी काय काय बंद पडतं. 8 जुलै 2022 ला पहाटे रॉजर्स या तिथल्या मोठ्या फोन कंपनीचं नेटवर्क देशभर कोसळलं. 1 कोटी 20 लाखांहून जास्त ग्राहक. वादळ नाही, तुटलेली केबल नाही. अपग्रेड करताना राउटरमधला एक फिल्टर काढला गेला आणि माहितीच्या लोंढ्याखाली मुख्य यंत्रणाच बसली. मोबाइल आणि घरचं इंटरनेट एकाच यंत्रणेवर, म्हणून दोन्ही एकदम गेली. दुकानांत इंटरॅक, म्हणजे तिथली डेबिट कार्डाची यंत्रणा बंद, त्यामुळे कार्डही गेलं. सगळ्यात वाईट म्हणजे टॉवरचा सिग्नल चालूच होता. त्यामुळे 911, म्हणजे तिथला आणीबाणीचा नंबर, लावला तरी फोन त्याच टॉवरला चिकटून राहायचा, दुसऱ्या कंपनीकडे वळायचा नाही. अशा वेळी सिम काढून 911 लावायचं. हे मुलीलासुद्धा पहिल्याच आठवड्यात शिकवा. नंतर सप्टेंबर 2022 मध्ये मोठ्या कंपन्यांनी संकटात एकमेकींना मदत करायचा करार केला, तरी मी त्याच्या भरवशावर राहत नाही.

दोन सिम ठेवा, पण बघून घ्या. रॉजर्स आणि फिडो घेऊन काही उपयोग नाही, फिडो रॉजर्सचंच. बेल आणि टेलस वेगळ्या कंपन्या, पण टॉवर बरेचसे वाटून वापरतात. कूडो आणि पब्लिक मोबाइल टेलसचे, व्हर्जिन प्लस आणि लकी बेलचे. म्हणजे एक सिम रॉजर्सच्या घरातलं, दुसरं या बाकीच्यांतलं. आणि घरचं इंटरनेट ज्याचं, त्याचाच मुख्य मोबाइल घेऊ नका, स्वस्त पडला तरी. भारतातलं सिमही रिचार्ज करत राहा, नाहीतर बँकेच्या ओटीपीवाचून अडकाल.

नंबर तोच ठेवून कंपनी मात्र आल्या आल्या बदलू नका. मी स्वस्त प्लॅनसाठी कंपनी बदलली आणि नंबर दोन कंपन्यांच्या मध्ये लटकला. ही म्हणे त्यांनी सोडला नाही, ती म्हणे यांनी मागितलाच नाही. प्रत्येक फोनला नवा माणूस, पुन्हा जन्मतारीख, पुन्हा पत्ता, पुन्हा सगळी कर्मकथा. नेमकं तेव्हाच शाळेने मुलीच्या इंग्रजीच्या चाचणीची वेळ द्यायला फोन केला. लागला नाही. वेळ दुसऱ्या मुलाला गेली आणि बालवाडीपासून इंग्रजीत शिकलेली माझी मुलगी कितीतरी महिने नवशिक्यांच्या वर्गात चित्रांखाली शब्द लिहीत बसली. ती ते केव्हाच विसरली. मला अजून राग येतो.

एकटेपणाचंही विचारलंय तुम्ही. पहिल्या हिवाळ्यात जाणवतो, पुढे माणसं जोडली जातात. त्याची धास्ती घेऊ नका.

आई-बाबांचं मात्र सांगायलाच हवं. बाबांचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात फोन एकदाही कटला नाही. रोज बोलायचो. व्हिडिओ लावू म्हटलं की म्हणायचे, कॅमेरा बिघडलाय. मागे आईच्या मालिकेचा आवाज यायचा, म्हणून मी त्यांना घरीच समजत होतो. तो टीव्ही हॉस्पिटलच्या खोलीतला होता. घरी सोडल्यावर सांगितलं, तेही आईच्या तोंडून निसटलं म्हणून. मी चिडलो, तर बाबा म्हणाले, "तू तिथून काय करणार होतास?" यावर मला आजही उत्तर सुचलेलं नाही. तुमचा प्रश्न वाचल्यापासून तेच डोक्यात घोळतंय.

म्हणून निघण्याआधी आई-बाबांजवळचा एक माणूस पक्का करा, जो त्यांनी नको म्हटलं तरी तुम्हाला कळवेल. मी समोरच्या काकूंना शब्द द्यायला लावलाय आणि डॉक्टरांच्या फाइलवर माझा नंबर लिहवून घेतलाय. काकू मधूनमधून फोन करतात. आईला ते कळलंय आणि ती दोघांवरही रागावली आहे. रागावू दे.