वाचकांचे प्रश्न : इंग्लंडच्या बाजारगावात राहायला जाताना

परदेशी नोकरीविषयी या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत सुरक्षिततेचाच प्रश्न होता, आणि विचारणा होती ती लंडनबद्दल नव्हे, लहान गावांबद्दल. निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत. तपशील इंग्लंड आणि वेल्सचे आहेत. स्कॉटलंडचे कायदे वेगळे आहेत.

प्रश्न : स. न. वि. वि. मुलीला इंग्लंडमधल्या बरी सेंट एडमंड्स या गावी हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली आहे. एका वेबसाइटवर तिथल्या गुन्ह्यांचा हजारी दर पाहिला आणि घरात सगळे धास्तावले. हे गाव नाशिकपेक्षा धोक्याचं आहे का? (एक आई, गंगापूर रोड)

उत्तर : आधी त्या आकड्याची फोड करू. हजारी दर काढताना भागायचं ते गावात राहणाऱ्यांच्या संख्येने, पण गुन्हे मोजले जातात तिथे आलेल्या सगळ्यांचे. बरी सेंट एडमंड्स हे सफक परगण्यातलं जुनं बाजाराचं गाव. तिथला बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो. आपल्या गोदाकाठच्या आठवडी बाजाराचाही वार बुधवारच. आसपासच्या खेड्यांतले लोक खरेदीला येतात, संध्याकाळी पबमध्ये बसतात. त्यांच्यातल्या कोणाचा खिसा कापला गेला, कोणी दुकानातून वस्तू उचलली, पबबाहेर दोघांची जुंपली, तर सगळं गावाच्या खात्यावर चढतं. भागाकारात मात्र ही माणसं धरलेली नसतात. सिंहस्थाच्या पर्वणीला पंचवटीत होणाऱ्या चोऱ्या फक्त पंचवटीच्या रहिवाशांवर वाटल्या तर काय आकडा निघेल, याचा अंदाज नाशिककराला सहज येईल.

निव्वळ हिशेबासाठी एक उदाहरण घ्या. गावात ४०,००० लोक राहतात आणि वर्षाला ३,२०० गुन्हे नोंदले गेले, तर दर हजारी ८०. त्यातले १,२०० गुन्हे बाजारपेठेच्या वॉर्डात झाले आणि तिथे राहतात जेमतेम ६,००० लोक. त्या वॉर्डाचा दर हजारी २००. उरलेल्या ३४,००० लोकांच्या वस्तीत २,००० गुन्हे, म्हणजे हजारी ५९. गाव एकच, आकडे तीन. वेबसाइट यातला कोणता दाखवते हे पाहिल्याशिवाय त्यावरून काहीच ठरवू नये.

दुसरी गोष्ट नोंदीची. इंग्लंडमध्ये २००२ पासून पोलिसांना देशभर एकच नोंद नियम आहे. माणसाने सांगितलेली घटना कायद्याने गुन्हा ठरत असेल आणि उलट पुरावा नसेल, तर ती नोंदवायचीच. त्यामुळे तिथल्या ‘हिंसा’ या सदरात जखम न झालेली धक्काबुक्की येते, पाठलाग येतो, छळ आणि धमकीचे मेसेजही येतात. आपल्याकडे यातलं बरंचसं अदखलपात्र म्हणून एनसीच्या वहीत जातं. शिवाय एका एफआयआरमध्ये चार कलमं असली, तरी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग त्यातला सगळ्यात गंभीर गुन्हाच मोजतो. नाशिकचा दर आणि बरीचा दर शेजारी मांडणं म्हणजे पायली आणि लिटर एकाच तराजूत घालणं.

दोन देशांत त्यातल्या त्यात तुलना करता येते ती खुनाची, कारण मृतदेहाची नोंद टाळता येत नाही. भारतात २०२२ साली २८,५२२ खून नोंदले गेले, लाख लोकांमागे २.१. इंग्लंड आणि वेल्समध्ये मनुष्यवधाचे सगळे प्रकार धरून अलीकडे वर्षाला ५०० ते ६०० बळी जातात, म्हणजे लाखामागे साधारण एक. उलट दुकानातल्या उचलेगिरीच्या नोंदी तिथे २०२४ साली पाच लाखांवर गेल्या. ही उचलेगिरी बाजारपेठ असलेल्या प्रत्येक गावाचा दर फुगवते, आणि तुमच्या मुलीच्या अंगाला तिचा काहीही स्पर्श होत नाही. या एका आकड्यावरून नोकरी नाकारू नका.

प्रश्न : मग खोली कुठल्या गल्लीत घ्यावी हे इथे बसून कसं ठरवायचं? (इंदिरानगर)

उत्तर : पोलिसांच्या ‘पोलीस डॉट यूके’ या साइटवर घराचा पोस्टकोड टाकला की गल्लीनिहाय नकाशा उघडतो. माहिती दर महिन्याला येते, साधारण दोन महिने मागची. पाहताना एका महिन्यावर जाऊ नका, निदान बारा महिने चाळा. लहान गावात एका टोळक्याच्या चार रात्रींनी महिन्याचा आकडा दुप्पट होतो.

नकाशावरचा ठिपका म्हणजे गुन्ह्याची नेमकी जागा नव्हे. लोकांची ओळख झाकण्यासाठी प्रत्येक घटना जवळच्या ठरावीक बिंदूवर सरकवलेली असते. हा बिंदू गल्लीचा मध्य असतो किंवा कार पार्क, सुपरमार्केट, हॉस्पिटल यांसारखी जागा. म्हणून ज्या घरासमोर दहा ठिपके दिसतात, तिथे प्रत्यक्षात एकही घटना झालेली नसेल. हॉस्पिटलच्या बिंदूवर हिंसेच्या नोंदी जास्त दिसल्या तर दचकू नका. दारू पिऊन आलेल्या रुग्णाने कर्मचाऱ्यावर हात उगारला तरी ती नोंद तिथेच पडते. मात्र मुलगी तिथेच काम करणार आहे, तेव्हा अशा प्रसंगी वॉर्डात काय करायचं याचं प्रशिक्षण कधी मिळेल, हे तिने रुजू होतानाच विचारावं.

‘असामाजिक वर्तन’ हे सदर वेगळं काढा. आरडाओरडा, रात्रीचं मोठ्याने संगीत, दुचाकी पिटाळणं अशा तक्रारी त्यात असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच गुन्हा म्हणून मोजल्याच जात नाहीत. आमच्या मते राहण्याच्या जागेसाठी तीनच सदरं बघावीत: घरफोडी, जबरी चोरी आणि वाहनांचे गुन्हे. बाजारपेठेपासून दहा-पंधरा मिनिटं चालण्याच्या अंतरावर, बसच्या वाटेवर आणि दिवे असलेल्या रस्त्याला लागून घर मिळालं तर उत्तम.

एक मात्र विसरू नका. तिथल्या लोकांना घरोघर विचारून जी गुन्हे पाहणी १९८२ पासून केली जाते, तिच्यात अलीकडे एकूण गुन्ह्यांपैकी साधारण ४० टक्के निव्वळ फसवणुकीचे निघतात. ही फसवणूक गल्लीच्या नकाशावर कुठेच दिसत नाही. नव्याने गेलेल्या मुलांना आम्हाला सगळ्यात जास्त सावध करायचं आहे ते तिच्यापासून.

प्रश्न : बॅगेत मिरचीचा स्प्रे द्यावा का? रात्रपाळी असणार आहे. (सिडको)

उत्तर : अजिबात नको. इथे मेडिकलच्या दुकानात मिळणारा हा स्प्रे तिथे १९६८ च्या बंदूक कायद्याखाली प्रतिबंधित शस्त्र आहे. जवळ सापडला तर नोकरी आणि व्हिसा दोन्ही धोक्यात. चाकूचंही तेच. तीन इंचांपर्यंतचा, पात्याला लॉक नसलेला घडीचा चाकू सोडून कुठलंही पातं सबळ कारणाशिवाय सार्वजनिक जागी बाळगणं गुन्हा आहे, चार वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘स्वतःच्या बचावासाठी’ हे कारण कायदा मानत नाही. घरातली सुरी किंवा विळी घरातच असेल तर अडचण नाही. नेताना ती विमानाच्या चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या पिशवीत नको.

पर्याय आहे पिन ओढली की कर्कश वाजणारा पर्सनल अलार्म. तिथे दहा पौंडांच्या आसपास मिळतो. तो पर्सच्या तळाशी ठेवला तर वेळेला सापडत नाही, पट्ट्याला बाहेर अडकवा आणि दोन-तीन महिन्यांनी वाजवून बघा. हॉस्पिटलची सुरक्षा माणसं रात्री कार पार्कपर्यंत सोबत करतात का, हे पहिल्याच आठवड्यात विचारावं. लहान गावात शेवटची बस लवकर जाते, तेव्हा पाळी संपण्याची वेळ आणि वेळापत्रक आधी जुळवून बघावं. मिनीकॅब, म्हणजे भाड्याची खासगी गाडी, फोनवर किंवा ॲपवर बुक केलेलीच घ्यावी. रस्त्यात येऊन थांबलेल्या मिनीकॅबमध्ये बसू नये; तशी हात दाखवून घ्यायला परवानगी फक्त हॅकनी टॅक्सीला असते.

संकटात ९९९. बोलणं शक्य नसेल तर मोबाइलवरून ९९९ लावून ऑपरेटरच्या प्रश्नाला खोकून किंवा फोनवर टकटक करून उत्तर द्यावं आणि सूचना आली की ५५ दाबावं. मग फोन पोलिसांकडे जोडला जातो. नुसतं ९९९ लावून गप्प राहिलं तर फोन तुटू शकतो. ५५ दाबल्याने आपण कुठे आहोत हे पोलिसांना आपोआप कळत नाही, म्हणून जमेल तेव्हा जागा सांगावीच. तातडी नसेल तर १०१.

प्रश्न : तिथल्या घरांना ग्रिल नाही, सेफ्टी डोअर नाही. एका कुलपावर कसं भागतं? (पंचवटी)

उत्तर : भागतं, पण कुलूप नीट लावलं तर. आपल्याकडच्या लॅचप्रमाणे दार ओढलं की झालं, ही सवय तिथे घात करते. प्लास्टिकच्या चौकटीच्या दारात वर, मध्ये आणि खाली असे तीन किंवा जास्त बोल्ट असतात. हँडल वर उचललं की ते चौकटीत जातात, आणि किल्ली फिरवली की अडकतात. हँडल उचललं पण किल्ली फिरवली नाही, तर आतून दार बंद वाटतं आणि बाहेरून काही दारं सहज उघडतात.

या दारांचं दुबळं अंग म्हणजे किल्ली जाते तो सिलिंडर. तो हँडलच्या पट्टीबाहेर तीन मिलिमीटरपेक्षा जास्त डोकावत असेल तर चोर पकडीने मोडतात, काही सेकंदांचं काम. सिलिंडरवर तीन तारे किंवा ‘सोल्ड सिक्युअर डायमंड’ची खूण आहे का ते बघा. नसेल तर घरमालकाला लेखी कळवा. बदलायला फक्त एक स्क्रू काढावा लागतो. लाकडी दाराला पाच लीव्हरचं, बीएस ३६२१ हे ब्रिटिश मानक छापलेलं मॉर्टिस (दाराच्या जाडीत बसवलेलं) कुलूप असावं. घरातल्या सामानाचा विमा काढताना कुलपाचा प्रकार विचारतात, आणि चुकीचा लिहिला तर दावा अडकतो. घरमालकाचा विमा इमारतीचा असतो, भाडेकरूच्या लॅपटॉपचा नव्हे.

किल्ली दारातच लटकवू नये, पत्रपेटीच्या फटीतून तारेने ओढतात. पण आग लागली तर अंधारात हाताला लागेल इतक्या जवळ ठेवावी. डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. रिकामं, काळोखं घर तेव्हाच नजरेत भरतं. टायमर लावून एक दिवा चालू ठेवा.

प्रश्न : लग्नातलं सोनं सोबत न्यावं का? (नाशिकरोड)

उत्तर : रोजचं मंगळसूत्र आणि एखादी अंगठी, बाकी इथल्या लॉकरमध्ये. भारतीय घरात सोनं असतं हे तिथल्या चोरांना पक्कं माहीत आहे, आणि दिवाळीच्या सुमारास तिथले पोलीस यासाठी मुद्दाम सावध करतात. सामानाच्या विम्यात एका वस्तूची मर्यादा असते. त्यावरची वस्तू नावानिशी, पावतीसह नोंदवली नसेल तर भरपाई मर्यादेपुरतीच. न्यायचंच असेल तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परतताना तेच सोनं नव्याने आणलं असं कोणी म्हणणार नाही. दागिने घातलेले फोटो समाजमाध्यमावर टाकायचे तर घरी परतल्यावर टाका.

प्रश्न : फसवणुकीचे कोणते प्रकार नवख्यांना गाठतात? (सातपूर)

उत्तर : पहिला, न पाहिलेल्या घराचं डिपॉझिट. फोटो सुंदर, भाडं कमी, मालक ‘परदेशात’, आणि आज पैसे भरा नाहीतर घर गेलं. इंग्लंडमधला नियम असा की वार्षिक भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, घर अडवून ठेवण्यासाठी घेतलेली रक्कम एका आठवड्याहून जास्त नाही, आणि डिपॉझिट ३० दिवसांत तीन सरकारमान्य योजनांपैकी एकीत ठेवावं लागतं. योजनेचं नाव विचारल्यावर जो टाळाटाळ करतो, त्याला पैसे देऊ नयेत. पहिले दोन-तीन आठवडे नोकरी देणाऱ्यांची खोली मिळत असेल तर तीच घ्या, आणि घर डोळ्यांनी पाहून ठरवा.

दुसरा, ‘होम ऑफिस’मधून, म्हणजे व्हिसा पाहणाऱ्या तिथल्या गृहखात्यातून बोलतोय म्हणणारा फोन. तुमच्या व्हिसात चूक आहे, आत्ता दंड भरा, नाहीतर अटक. आपल्याकडच्या ‘डिजिटल अटके’चीच ही बहीण. पडद्यावर खऱ्या कार्यालयाचा नंबर दिसला तरी विश्वास ठेवू नये, नंबर बनावट दाखवता येतो. होम ऑफिस फोनवर दंड वसूल करत नाही. फोन ठेवून द्यावा.

पैसे गेलेच तर बँकेला लगेच १५९ वर फोन करावा. बहुतेक मोठ्या बँका तिथून जोडल्या जातात. ७ ऑक्टोबर २०२४ पासून, फसवून करायला लावलेल्या देशांतर्गत बँक ट्रान्सफरची भरपाई ८५,००० पौंडांपर्यंत करणं तिथल्या बँकांना बंधनकारक आहे. त्यातून १०० पौंडांपर्यंत रक्कम बँक कापू शकते. पण नाशिकच्या खात्यातून पाठवलेले किंवा क्रिप्टोत गेलेले पैसे यात बसत नाहीत. म्हणून मुलीने ‘बाबा, तातडीने भरा’ असा मेसेज केला तर आधी तिच्या नेहमीच्या नंबरवर फोन लावा आणि तिचा आवाज ऐका. संशयास्पद मेसेज ७७२६ वर पुढे पाठवावा, फुकट आहे.

प्रश्न : मुलगा दोन दिवस फोन उचलत नसेल तर आम्ही इथून कोणाला सांगायचं? (देवळाली कॅम्प)

उत्तर : इथून ११२ लावलं तर फोन महाराष्ट्र पोलिसांकडे जाईल, आणि १०१ भारतातून लागत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये प्रादेशिक पोलीस दलं ४३. मुलाचं गाव कोणत्या दलात येतं ते आजच शोधा. त्या दलाच्या साइटवर परदेशातून लावायचा पूर्ण नंबर असतो, ४४ ने सुरू होणारा. तो लिहून फ्रिजवर चिकटवा. त्याखाली मुलाचा पूर्ण पत्ता पोस्टकोडसह, घरमालकाचा नंबर, कामावरच्या एका सहकाऱ्याचा नंबर आणि पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं. इंग्रजीची अडचण असेल तर ‘मराठी इंटरप्रिटर’ एवढं म्हणा, दुभाष्याची सोय होऊ शकते. बोलणं संपताना संदर्भ क्रमांक मागून घ्या. दुसऱ्यांदा फोन कराल तेव्हा पहिला प्रश्न तोच असेल.